हातोहातीं गेलेलें संगीत

आजच्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेंत वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. जन्मभर मुलांना शुद्धलेखन आणि इतिहास शिकविणाऱ्या एका निवृत्त शाळामास्तरानें ‘डिस्को’ आणि ‘हाऊस’ या नाचाच्या संगीताविषयीं बोलावें, हें देवळाच्या पुजाऱ्यानें कुस्तीच्या फडाचें वर्णन करण्यासारखें आहे, असें कोणी म्हटलें तर मी रागावणार नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपुरतें. संगीतशास्त्रांत माझा अधिकार कांहींच नाहीं. परंतु इतिहास शिकवितांना एक गोष्ट माझ्या ध्यानांत पक्की बसली आहे. राजांचीं फर्मानें आणि सेनापतींच्या लढाया ज्या कागदांत नोंदलेल्या असतात, त्या कागदांच्या बाहेरहि पुष्कळ इतिहास घडत असतो. आणि तो बहुधा हातोहातीं, कानोकानीं, एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे जात असतो. या संगीताचा इतिहास तशांपैकीं आहे. शिवाय या विषयाशीं माझें एक जुनें देणें गुंतलें आहे. तें काय, तें शेवटीं सांगेन.

प्रथम शब्दांचा उलगडा करूं. ‘डिस्कोथेक’ हा मूळचा फ्रेंच शब्द. पुस्तकांच्या संग्रहाला फ्रेंच भाषेंत ‘बिब्लिओथेक’ म्हणतात. त्याच चालीवर तबकड्यांचा संग्रह तें ‘डिस्कोथेक’. पुढें, वादकांचा ताफा न ठेवतां जेथें तबकड्या लावून लोक नाचतात त्या जागेला तें नांव मिळालें, आणि त्या जागीं वाजणाऱ्या संगीताला त्याचें आखूड रूप ‘डिस्को’ चिकटलें. म्हणजे या संगीताचें नांव रागावरून, वाद्यावरून किंवा प्रांतावरून पडलेलें नाहीं; तें तबकडीवरून पडलें आहे. ही गोष्ट लहान नव्हे. या इतिहासाचे नायक गवई आणि वादक जितके आहेत, तितकेच, किंबहुना अधिक, तबकड्या निवडणारे, जोडणारे आणि दुसऱ्यांना ऐकविणारे लोक आहेत. त्यांना ‘डिस्क जॉकी’ आणि थोडक्यांत ‘डीजे’ म्हणतात. आपल्याकडे मिरवणुकींत घरांच्या खिडक्या हादरविणाऱ्या कर्ण्यांच्या उतरंडीलाच डीजे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. माझा डीजे तो नव्हे.

न्यूयॉर्क शहरांत ब्रॉडवे या रस्त्यावर ६४७ क्रमांकाच्या इमारतींत डेव्हिड मॅनकुसो नांवाचा एक तरुण राहत असे. त्याची जागा म्हणजे पूर्वीं कारखान्याकडे असलेला मोठा माळा. इंग्रजींत त्याला ‘लॉफ्ट’ म्हणतात. १४ फेब्रुवारी १९७० रोजीं त्यानें आपल्या मित्रमंडळींना तेथें नाचाचें आमंत्रण दिलें, आणि पुढें कित्येक वर्षें हा परिपाठ चालूं राहिला. तेथें दारू विकली जात नसे. आमंत्रणाशिवाय प्रवेश नसे. परंतु आमंत्रितांत काळे, गोरे, पोर्टोरिकन, श्रीमंत, कफल्लक असे सर्व प्रकारचे लोक असत. पुरुषाशीं पुरुषानें नाचावें हें ज्या काळीं सार्वजनिक जागीं धोक्याचें होतें, त्या काळीं असे पुष्कळ जण तेथें निर्धास्तपणें येत. मॅनकुसोचें बालपण अनाथाश्रमांत गेलें होतें. ज्याला स्वतःचें घर नव्हतें त्यानें शेंकडों लोकांसाठीं आपलें घर उघडलें, हें मला विशेष वाटतें. उत्तम कर्णे मिळवावे, तबकडी जपून हाताळावी आणि जें आपल्याला आवडलें तें दुसऱ्याच्या कानांवर घालावें, हाच त्याचा व्यवसाय आणि हाच त्याचा धर्म.

या आवडीनें काय घडूं शकतें याचें एक उदाहरण देतों. १९७२ सालीं आफ्रिकेच्या कॅमेरून देशांत फुटबॉलची आफ्रिका चषक स्पर्धा भरली. त्या निमित्तानें तेथील सॅक्सोफोनवादक मनू दिबांगो यानें स्पर्धेचें गीत तबकडीवर दिलें. तबकडीला दोन बाजू असतात. दुसरी बाजू मोकळी कशी सोडावी, म्हणून तिच्यावर त्यानें ‘सोल मकोसा’ नांवाची एक नाचाची चीज भरली. ही तबकडी फिरत फिरत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका दुकानांत मॅनकुसोच्या हातीं लागली. त्यानें ती आपल्या माळ्यावर लावली. नाचणाऱ्यांनीं नांव विचारलें, दुकानें पालथीं घातलीं. असतील नसतील त्या प्रती संपल्या. मग तेथील नभोवाणीवर फ्रँकी क्रॉकर या निवेदकानें ती वाजविली, मोठ्या कंपनीनें ती अमेरिकेंत छापली आणि १९७३ सालीं ती तेथील पहिल्या चाळीस गाण्यांत जाऊन बसली. स्पर्धेचें गीत विस्मरणांत गेलें. पाठीमागची बाजू जगभर झाली. जाहिरात नाहीं, शिफारस नाहीं. एकानें ऐकलें, दुसऱ्यास ऐकविलें, एवढेंच भांडवल.

तबकड्या मिळविणें मात्र सोपें नव्हतें. कंपन्या नव्या तबकड्या नभोवाणीकेंद्रांना फुकट पाठवीत, परंतु नाचघरांतील डीजेला दारांत उभें करीत नसत. एकाला देत, दुसऱ्याला पिटाळून लावीत. तेव्हां १९७५ सालीं मॅनकुसो, स्टीव्ह डक्विस्टो आणि त्यांचे सोबती यांनीं एकत्र येऊन ‘रेकॉर्ड पूल’ नांवाची संस्था काढली. तिला आपण तबकड्यांची सहकारी पेढी म्हणूं. कंपन्यांनीं तबकड्या पेढीकडे पाठवाव्या, पेढीनें त्या सर्व सभासदांना सारख्या वांटाव्या, आणि सभासदांनीं लोकांना काय आवडलें, काय नाहीं, हें लिहून कळवावें, असा व्यवहार ठरला. मोठा डीजे आणि धाकटा डीजे या पेढींत एकाच पंक्तीला बसे. थोड्याच वर्षांत अशा पेढ्या इतर शहरांतहि निघाल्या. ज्यांना आपण रात्रीचे रंगेल म्हणून नाक मुरडलें असतें, त्यांनीं सहकाराचें तत्त्व इतक्या सहजपणें अंगीकारावें, हें आम्हां महाराष्ट्रीयांना कौतुकाचें वाटलें पाहिजे.

आतां कात्रीची हकीकत. त्या काळच्या लहान तबकडीवर एक गाणें तीन-साडेतीन मिनिटांत संपे. नाच रंगांत यावा आणि गाणें सरावें, असा विरस होई. टॉम मोल्टन या गृहस्थानें न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंड बेटावर हा प्रकार डोळ्यांनीं पाहिला. घरीं जाऊन त्यानें फीत कापून, जोडून, गाण्यामागून गाणें असें विणलें कीं सांधा कोणाच्या पायांस कळूं नये. पाऊण तासाच्या त्या फितीला सुमारें ८० तास लागले, असें त्यानें सांगितलें आहे. पुढें १९७५ सालीं ग्लोरिया गेनर या गायिकेच्या तबकडीची एक संपूर्ण बाजू त्यानें अशीच सलग करून दिली; तीन गाणीं, परंतु मध्यें खंड नाहीं. आज ज्याला ‘मिक्स’ म्हणतात, म्हणजे अनेक चिजांची एक अखंड माळ, तिचें हें आरंभींचें छापील रूप होय.

याच मोल्टनच्या हातून एक शोध निव्वळ अडचणीमुळें लागला. तबकडीचा नमुना कापतांना त्याच्या तंत्रज्ञाजवळ सात इंची कोऱ्या चकत्या संपल्या होत्या. नाइलाजानें मोठी चकती घेतली. तिच्यावर गाणें इवल्याशा जागेंत मावूं लागलें, म्हणून ओळी जरा ऐसपैस पसरून कापल्या. आणि पाहतात तों आवाज भरदार आणि खर्ज ठसठशीत! कारण उघड आहे. सुईच्या खोबणीला हेलकावे घेण्यास जितकी जागा अधिक, तितका आवाज मोठा. त्यांतून बारा इंची एकेरी तबकडी जन्मास आली. ती प्रथम डीजे लोकांपुरती होती. १९७६ सालीं सॅलसोल कंपनीनें ‘डबल एक्स्पोजर’ या गायकमंडळाचें ‘टेन पर्सेंट’ हें गाणें बारा इंची तबकडीवर सामान्य गिऱ्हाइकांसाठीं विक्रीस काढलें. त्या गाण्याची मांडणी करणारा वॉल्टर गिबन्स हा अवघ्या बाविशीच्या घरांतला डीजे होता. त्यानें मूळचें लहान गाणें सुमारें पावणेदहा मिनिटांचें केलें. नवीन एक सूरहि न घालतां, केवळ असलेल्या अंगांची उलटापालट करून, कोठें शब्द गाळून, कोठें नुसता ढोल पुढें आणून त्यानें हें साधलें. निवड हीहि एक रचना असते, हें त्यानें सिद्ध केलें. मूळ चिजेच्या अशा कापून-जोडून केलेल्या आवृत्तीला ‘एडिट’ म्हणतात.

या संगीताचा ठेकाहि समजून घेतला पाहिजे. फिलाडेल्फिया शहरांतील अर्ल यंग हा ढोलवादक या ठेक्याचा एक प्रमुख घडविणारा मानला जातो. चार मात्रांपैकीं प्रत्येक मात्रेवर पायाच्या ढोलाचा सारखा ठोका, आणि दोन ठोक्यांच्या मध्यें झांजेचा उघडझांप होणारा चुटका, असें त्याचें रूप आहे. १९७३ च्या ‘द लव्ह आय लॉस्ट’ या गाण्यांत तें स्पष्ट ऐकूं येतें. आपल्याकडे कोणी म्हणेल, यांत काय मोठें? परंतु तबल्याच्या एकट्या वादनांत पेटीवर तोच लेहरा तासभर फिरत असतो, तेव्हां आपण कंटाळतों काय? लेहरा स्थिर असतो म्हणूनच तबल्याची करामत दिसते. पालखीपुढें टाळ-मृदंगाच्या गजरांत तीच नामावळी पुन्हां पुन्हां येते आणि तिच्या येण्यांतच तल्लीनता वाढत जाते. पुनरावृत्ति म्हणजे दारिद्र्य नव्हे. फार काळ मीहि तिला दारिद्र्यच समजत होतों.

पुढें या संगीताला पैशाचा पूर आला आणि पुराबरोबर गाळहि आला. १९७७ च्या डिसेंबरांत ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ हा चित्रपट निघाल्यावर जो तो डिस्को तबकड्या काढूं लागला. लोकांना वीट आला, आणि विटाचें रूपांतर द्वेषांत होण्यास वेळ लागला नाहीं. १२ जुलै १९७९ रोजीं शिकागो शहरांतील कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर स्टीव्ह डाल या नभोवाणी-निवेदकाच्या पुढाकारानें डिस्को तबकड्यांची होळी ठरली. जो तबकडी आणील त्याला ९८ सेंटांत प्रवेश. सुमारें पन्नास हजार लोक लोटले. दोन सामन्यांच्या मधल्या वेळांत तबकड्यांचा ढीग सुरुंगानें उडविण्यांत आला. जमाव मैदानांत घुसला, दंगल उसळली आणि दुसरा सामना खेळतांच आला नाहीं. त्या दिवशीं मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखविण्याचें काम करणारा व्हिन्स लॉरेन्स नांवाचा एक काळा मुलगा होता. लोकांनीं आणलेल्या तबकड्यांत पुष्कळ तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच, त्या केवळ काळ्या गायकांच्या होत्या, असें त्यानें पुढें सांगितलें. त्या मुलाचें नांव ध्यानांत ठेवा. तो पुन्हां भेटणार आहे.

मोठ्या कंपन्यांनीं डिस्कोकडे पाठ फिरविली. परंतु त्याच शिकागो शहरांत, दक्षिण जेफर्सन रस्त्यावरील २०६ क्रमांकाच्या एका जुन्या इमारतींत, ‘वेअरहाऊस’ म्हणजे वखार नांवाचें नाचघर चालूं होतें. १९७७ सालीं न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स हा बाविशीतला डीजे तेथें तबकड्या लावीत असे. येणारे बहुतेक काळे आणि स्पॅनिशभाषी तरुण, त्यांतहि पुरुषावर प्रेम करणारे पुरुष पुष्कळ. म्हणजे शहराच्या इतर दारांवर ज्यांना हटकलें जाई ते. नव्या डिस्को तबकड्या कमी येऊं लागल्या तेव्हां नकल्सनें जुन्याच फितीवर घेतल्या, त्या कापल्या, त्यांतील ठेका लांबविला, खर्ज पुढें काढला आणि कालचें गाणें आज नवें करून वाढलें. घरांत धान्य थोडें असतां गृहिणी कालच्या भाताचा फोडणीचा भात करिते, तशांतला हा प्रकार. उपासमारींतून पक्वान्न निघालें. गांवांतील दुकानांत लोक ‘वेअरहाऊसमधलें तें संगीत’ मागूं लागले. पाटीवर त्याचें ‘हाऊस’ झालें. एका वखारीच्या नांवाचें शेपूट पुढें जगांतील एका संगीतप्रकाराचें नांव झालें, तें असें.

पहिली हाऊस तबकडी म्हणून जिचें नांव घेतात तिची जन्मकथा तर एखाद्या नाटकांत शोभावी अशी आहे. जेसी सॉन्डर्स या शिकागोच्या डीजेजवळ एक आवडती तबकडी होती. ती स्वतःच अनेक डिस्को गाण्यांचे तुकडे जोडून कोणीतरी गुपचूप छापलेली, म्हणजे एका अर्थीं चोरीची होती. तिनें तो आपला कार्यक्रम सुरू करी. एके दिवशीं त्याच्या तबकड्या चोरीस गेल्या आणि त्यांत तीहि गेली. चोराच्या घरीं चोरी! दुसरी प्रत मिळेना. तेव्हां सॉन्डर्सनें तालयंत्र आणि सिंथेसायझर घेऊन तशाच धर्तीची चीज स्वतः रचली आणि १९८४ सालीं ‘ऑन अँड ऑन’ या नांवानें छापली. या कामांत त्याचा भागीदार कोण असावा? तोच व्हिन्स लॉरेन्स, ज्यानें साडेचार वर्षांपूर्वीं तबकड्यांची होळी उघड्या डोळ्यांनीं पाहिली होती. इतिहास असा सूड क्वचितच घेतो, आणि इतका निरुपद्रवी सूड तर त्याहून क्वचित.

नभोवाणीवरून बोलतांना नभोवाणीचें ऋण विसरणें बरें नव्हे. १९८१ पासून शिकागोच्या ‘डब्ल्यू. बी. एम. एक्स.’ या केंद्रावर ‘हॉट मिक्स फाइव्ह’ नांवाचें पांच डीजेंचें मंडळ सलग मिक्स ऐकवूं लागलें. मुलें तें घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेत आणि त्या फिती शाळेंत एकमेकांना देत. ज्यांना नाचघराचें दार वयामुळें बंद होतें, त्यांची शाळा ही. फितीवरच दुसरेंहि एक नवल घडलें. डीजे पियेर आणि त्याचे दोन साथी यांनीं ‘फ्यूचर’ या नांवानें केलेली एक विचित्र, किंचाळणाऱ्या खर्जाची चीज त्यांनीं रॉन हार्डी या डीजेला फितीवर नेऊन दिली. प्रथम वाजली तेव्हां नाचणारे निघून गेले. हार्डीनें त्याच रात्रीं ती पुन्हां, मग पुन्हां लावली. चौथ्या खेपेस लोक वेडे झाले, असें पियेर सांगतो. ‘उजळणीवांचून विद्या नाहीं’ हें मी वर्गांत कितीदां घोकून घेतलें असेल! ही चीज ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नांवानें १९८७ सालीं छापून निघाली. त्याच वर्षाच्या जानेवारींत स्टीव्ह हर्ली याची शिकागोची हाऊस तबकडी इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर पोंचली होती.

तो किंचाळणारा खर्ज ‘टी. बी. ३०३’ या जपानी यंत्राचा. एकट्यानें वाजविणाऱ्या गिटारवाल्यास खर्जाची साथ मिळावी म्हणून तें बनविलें होतें. परंतु तें चाललें नाहीं, आणि जुन्या बाजारांत स्वस्त मिळूं लागलें, म्हणून गरीब मुलांच्या हातीं आलें. आणि येथें आपल्या मुंबईचा संबंध येतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग या वादकांनीं तेंच यंत्र, एक तालयंत्र आणि एक सिंथेसायझर घेऊन १९८२ सालीं मुंबईंत एक तबकडी केली: डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस अखंड ठोक्यावर वाजत आहेत! तबकडी खपली नाहीं आणि विस्मरणांत गेली. २००२ सालीं ती एका डच संग्राहकास दिल्लींत सांपडली. त्यानें २०१० सालीं ती पुन्हां छापली, तेव्हां युरोपांतील जाणकार थक्क झाले, कारण शिकागोच्या ‘ॲसिड’ चिजेशीं तिचें साम्य विलक्षण आणि ती पांच वर्षें आधींची. चरणजित सिंगांनीं उतारवयांत परदेशीं जाऊन ती वाजविली. २०१५ सालीं मुंबईंत ते वारले. येथें इतिहासाच्या विद्यार्थ्यानें एक सावधगिरी बाळगावी. आधीं घडलें म्हणून तें नंतरच्याचें कारण ठरत नाहीं. शिकागोच्या मुलांनीं ही तबकडी ऐकली होती असें नाहीं. दोन ठिकाणीं दोघांनीं एकाच टाकाऊ यंत्रांतून सारखें सोनें काढलें, एवढेंच म्हणावें. तेंहि थोडें नव्हे.

शेजारच्या गोव्यांतहि फितीचा एक पंथ उपजला. हणजुणच्या किनाऱ्यावर जमणाऱ्या परदेशी मंडळींतील डीजे १९८० नंतरच्या दशकांत तबकड्यांऐवजीं कॅसेटीच वापरीत. उन्हानें तबकडी वांकते, कॅसेट खिशांत राहते. लोराँ नांवाचा फ्रेंच डीजे आणि त्याचे सोबती गाण्यांतील शब्द कापून टाकून नुसता ठेका आणि सूर तेवढे ठेवीत, आणि या फिती प्रवाशांच्या पिशव्यांतून देशोदेशीं जात. पुढें जगानें ज्याला ‘गोवा ट्रान्स’ म्हटलें त्याचा पाया या देवाणघेवाणींत आहे.

श्रोतेहो, येथवर मी देण्याघेण्याची थोरवी गाइली. परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे आणि मास्तरानें ती लपवूं नये. लोलेटा हॉलोवे या गायिकेनें १९८० सालीं ‘लव्ह सेन्सेशन’ हें गाणें जीव ओतून गाइलें. १९८९ सालीं ‘ब्लॅक बॉक्स’ या इटालियन मंडळानें तिचा आवाज कापून आपल्या तबकडींत वापरला. ती तबकडी इंग्लंडांत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. पडद्यावर दुसरीच एक तरुणी ओठ हालवीत होती, आणि जिचा कंठ होता तिचें नांव कोठेंच नव्हतें. हॉलोवेला वकिलामार्फत दाद मागावी लागली, तेव्हां तिला मोबदला मिळाला. मनू दिबांगोलाहि आपल्या ‘सोल मकोसा’मधील घोष मायकेल जॅक्सनच्या गाण्यांत न विचारतां आला म्हणून भांडावें लागलें. कापणें-जोडणें ही कला आहे, यांत शंका नाहीं. परंतु कापतांना नांवहि कापून टाकलें तर ती कला राहत नाहीं, ती लूट होते. वांटून खाणें आणि हिसकावून खाणें यांत जें अंतर आहे, तें एका नांवाचें अंतर आहे.

आतां माझें देणें. १९८३ च्या सुमारास मी एका शाळेंत नुकताच लागलों होतों. वय चोविसाचें, आणि शिस्तीचा कैफ भारी. सातवीच्या वर्गांत एका मुलाच्या दप्तरांत मला एक कॅसेट सांपडली. त्या काळीं दुकानदार यादीप्रमाणें कोऱ्या कॅसेटींत गाणीं भरून देत. त्या मुलानें खाऊचे पैसे सांठवून तशी ती भरून घेतली होती. ‘कुर्बानी’मधलें, ‘डिस्को दीवाने’मधलें, असलीं गाणीं. कॅसेटीच्या कार्डावर त्यानें बारीक, सुवाच्य अक्षरांत प्रत्येक गाण्यापुढें चित्रपट, गायक आणि संगीतकार लिहिला होता. माझ्या वर्गांत त्याचें इतकें नीट अक्षर मीं कधीं पाहिलें नव्हतें. मीं काय केलें? असलें गटारी संगीत शाळेंत आणतोस म्हणून चार जणांत त्याला झोडपून काढलें आणि कॅसेट जप्त केली. वर्ष संपल्यावर कपाट साफ करतांना ती मीं टाकून दिली.

तीस-पस्तीस वर्षांनीं तो मला बाजारांत भेटला. डोक्याचे केस विरळ झालेले, बरोबर त्याची मुलगी. तो पायां पडला. मला ओळख पटतांच मीं त्या कॅसेटीचा विषय काढला. तो हंसला आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, तुम्हांला आठवतें? सोळा गाणीं होतीं. ताईचं लग्न ठरलं होतं. ती सासरीं जातांना तिच्याबरोबर द्यायची होती.’’ त्यानें तक्रारीचा एक शब्द उच्चारला नाहीं. उभ्याउभ्या त्यानें सोळाहि गाण्यांचीं नांवें क्रमानें सांगितलीं, आणि कोणत्या गाण्यानंतर कोणतें कां, हेंहि सांगितलें. शेवटचें संथ होतें. तें रात्रीं ऐकायचें, असा त्याचा हिशेब होता. मग त्याच्या मुलीनें आपल्या दूरध्वनियंत्रावरून तसलीच एक माळ मला पाठविली, कारण ‘आजोबा, तुम्हीं ऐकलंच नाहीं ना!’ फ्रँकी नकल्स आणि वॉल्टर गिबन्स हीं नांवें मला प्रथम तिच्या यादींत भेटलीं. हें व्याख्यान तिच्या त्या यादीचें फळ आहे.

दोष माझा होता, आणि त्याची भरपाई आतां होण्यासारखी नाहीं. त्या ताईला तिची कॅसेट मिळाली नाहीं ती नाहींच. मैदानावर तबकड्या उडविणाऱ्या जमावाला मी घटकेपूर्वीं नांवें ठेवलीं. परंतु माझ्या कपाटांत एक लहानसें कॉमिस्की पार्क होतेंच कीं! जें आपल्याला समजत नाहीं त्याला हीन ठरविण्याची घाई त्या जमावानें केली, तीच मीं केली. मुलाच्या त्या कार्डावर एक संपूर्ण इतिहास लिहिलेला होता: कोणीं केलें, कोणीं गाइलें, कोणाला द्यायचें. मला त्यांत केवळ गोंगाट दिसला.

नकल्स २०१४ सालीं गेले, मॅनकुसो २०१६ सालीं, दिबांगो २०२० सालीं. जेफर्सन रस्त्यावरच्या त्या वखारीला शिकागो नगरपालिकेनें २०२३ सालीं संरक्षित वास्तूचा मान दिला. ज्या शहरानें होळी पाहिली त्याच शहरानें हें केलें. इमारती जपणें नगरपालिकांचें काम आहे. परंतु संगीत जपण्याचें काम अजूनहि तसेंच चाललें आहे, जसें १९७० सालीं त्या माळ्यावर चाललें होतें: एकाला कांहीं आवडतें आणि तो दुसऱ्याला म्हणतो, ‘हें ऐक.’

म्हणून आजच्या तरुण श्रोत्यांना एकच विनंति. आवडलेलें अवश्य वांटा. कापा, जोडा, माळा करा. परंतु त्या सातवीतल्या मुलासारखें प्रत्येकापुढें मूळ गाणाऱ्याचें, वाजविणाऱ्याचें, रचणाऱ्याचें नांव लिहा. आणि वडीलधाऱ्यांना विनंति अशी कीं, घरांतलें एखादें मूल कांहीं ऐकविण्यास पुढें आलें, तर ‘बंद कर तें’ म्हणण्यापूर्वीं एकदां पुरतें ऐका. जमलें तर चौथ्यांदांहि ऐका.